आवाज आमचा, उचल कोणाची?

‘समुदाय माध्यम’ हा शब्द आपल्या चळवळीत आता चांगलाच रुळला आहे. प्रकल्पाच्या अहवालात तो असतो, शिबिराच्या फलकावर असतो, पाहुण्यांच्या भाषणात असतो. पण त्यालाच जोडून कोणी ‘उद्योग’ किंवा ‘धंदा’ हा शब्द उच्चारला की आपल्यातल्या अनेकजणी अस्वस्थ होतात. उद्योग म्हणजे नफा, जाहिराती, स्पर्धा. आपले काम वेगळे, ते बांधिलकीचे, असे आपण म्हणतो. मी गेली काही वर्षे नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत मुलींना व बायकांना ध्वनिमुद्रण, चित्रीकरण आणि बातमी लिहिणे शिकवते आहे. त्या कौशल्यातून त्यांना नियमित कमाई कशी होईल, हे पाहणे हाही माझ्या कामाचाच भाग आहे. समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात ‘सहभाग’ आणि ‘सक्षमीकरण’ यांवर आम्ही भरपूर निबंध लिहिले. या कामाच्या संदर्भात ‘मजुरी’ हा शब्द मात्र कधी आल्याचे मला आठवत नाही. तो आता आणला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. समुदायाच्या माध्यमात काम करणारी बाई ही कामगार आहे आणि तिच्या कामाला काम म्हणून दाम मिळाला पाहिजे.

कोयत्याचा हिशोब

आमच्या भागात हे समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. कंधार, मुखेड, जळकोट, अहमदपूर या तालुक्यांतल्या तांड्यांवरून आणि वाड्यांवरून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या गाड्या भरून निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादम उचल देतो ती बहुधा नवऱ्याच्या हातात. बाई पहाटेपासून राबते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, पण हिशोबाच्या वहीत तिचे वेगळे नाव नसते.

आता आपल्या माध्यम-प्रकल्पांकडे पाहू. निधी येतो तो संस्थेच्या नावावर. समन्वयकाला पगार असतो, तांत्रिक सल्लागाराला फी असते, शहरातून येणाऱ्या संकलकाला दिवसाचा दर असतो. तांड्यावरची बाई दोन दिवस बसून गाणी म्हणते, आजारपणाच्या आणि दुष्काळाच्या हकिकती सांगते, गावातल्या इतर बायकांना गोळा करते. तिला चहा, जेवण, जाण्यायेण्याचे भाडे आणि शेवटी प्रमाणपत्र. कोयता इथेही आहे, मुकादमही आहे. फक्त मुकादमाच्या खांद्यावर शबनम आहे.

एका तांड्यावर मी एका वयस्कर याडीला विचारले होते, “मागच्या वर्षी तुमची गाणी कोणी रेकॉर्ड करून नेली म्हणे?” ती म्हणाली, “नेली की. गाणं म्हनाया दोन दिस रोज मोडला, ताई. त्याचं काय?” तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूरही नव्हता, निव्वळ हिशोब होता. ती गाणी पुढे कुठे वाजली, कोणी ऐकली, हे तिला कोणी कळवले नव्हते. त्या कामाला वर्षभर पैसा पुरवणाऱ्यांना अहवाल मात्र वेळेवर गेला असणार.

फुकट बोलण्याची परंपरा

यावर उत्तर येते की, गावात कला ही सेवा असते, तिथे पैसा आणून आपण ती बिघडवू. हे उत्तर देणाऱ्यांनी गावाच्या माध्यमांचा इतिहास जरा बारकाईने पाहावा.

किनवट आणि माहूर तालुक्यांत गोंड, कोलाम, प्रधान आणि आंध समाजाच्या वस्त्या आहेत. गोंडांच्या कुळांच्या कथा आणि देवांच्या गोष्टी किंगरीवर गाऊन सांगायच्या, हे प्रधानांचे पिढीजात काम. त्याबद्दल यजमान घराने त्यांना धान्य, कपडा, कधी जनावर द्यावे, हा रिवाज होता. म्हणजे ज्याला आपण आज ‘आदिवासी समुदाय माध्यम’ म्हणतो, त्या माध्यमाच्या कलावंताला समाज मोबदला देत होता. तो फुकट गात नव्हता.

दुसरीकडे गावाची दवंडी होती. तीही गावाचे माध्यमच. पण ती पिटण्याचे आणि गावोगाव निरोप पोचवण्याचे काम महार समाजावर वतन म्हणून लादलेले होते. दिवसाला ना रात्रीला धरबंध, आणि मोबदला म्हणजे तुटपुंजे इनाम व भाकरतुकडा. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते हे काम गुलामीचे आहे हे ओळखूनच. ‘गावाची सेवा’ या गोड शब्दाखाली कोणाकोणाचे श्रम दडपले जातात, हे दलित चळवळीने आपल्याला केव्हाच शिकवले आहे.

आणि तिसरे माध्यम बायकांचे, जात्यावरच्या ओवीचे. त्याला ना धान्य मिळाले, ना इनाम. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी वर्षानुवर्षे खपून, गावोगावच्या बायकांकडून अशा १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आता त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून लोकांसमोर येत आहेत. तिथे ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव दिले जाते. ही गोष्ट साधी वाटते, पण आपल्याकडच्या किती ध्वनिफितींवर आणि पुस्तिकांवर ती पाळली गेली आहे? ‘मराठवाड्यातील स्त्रियांची गाणी’ एवढे लिहून आपण मोकळ्या होतो.

निरोप पोचवणाऱ्या बाया

लातूरकरांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरता येणार नाही. किल्लारी आणि आसपासची गावे भूकंपात झोपली ती उठलीच नाहीत. देशातून आणि परदेशातून पत्रकार आले. त्यांनी ढिगारे टिपले, रडणाऱ्या बाया टिपल्या आणि ते निघून गेले. त्यानंतरची काही वर्षे पुनर्वसनाची होती. पूर्ण कोसळलेली गावे नव्या जागी वसवायची होती. तडे गेलेली घरे मात्र त्याच जागी दुरुस्त करून मजबूत करायची होती, आणि अशी गावे हजाराहून अधिक होती. या दुसऱ्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. सरकारची योजना काय आहे, हप्ता केव्हा मिळतो, भिंतीला आधार कसा द्यायचा, हे त्यांनी घरोघर समजावले. इंजिनियर येत नसेल तर ती तक्रार वरपर्यंत नेली. माझ्या दृष्टीने मराठवाड्यातले हे स्त्रियांचे मोठे समुदाय माध्यम होते. त्याला ना स्टुडिओ होता ना मनोरा. पण कार्यक्रम संपला तसे हे पदही संपले. माहिती पोचवण्याचे जे कौशल्य त्या बायकांनी कमावले होते, त्याला गावात कायमची नोकरी म्हणून जागा मिळाली नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. मार्चमध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागू करावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. कॅमेरे रेल्वेवर रोखलेले होते. घागरी घेऊन रात्र रात्र जागणाऱ्या बाया त्या चित्रात मागे उभ्या होत्या. कोणत्या गल्लीत टँकर आला, कोणाच्या विहिरीत पाणी आधी पडले, शाळेतून कोणाची मुलगी पाण्यासाठी काढली, ही बातमी त्यांना ठाऊक होती. ती बातमी सांगण्याची नोकरी मात्र त्यांच्यापैकी कोणाकडेच नव्हती.

ती नोकरी तालुक्याच्या गावी असते तरी कोणाकडे? बहुतेक ठिकाणी तालुक्याच्या वार्ताहराला ठरलेला पगार नसतो. जाहिरात आणली तर तिच्यावर कमिशन. पुढाऱ्याचा वाढदिवस, नेमणुकीचे अभिनंदन, दिवाळीच्या शुभेच्छा, यांवर त्याचे घर चालते. आता मोबाईलवरची ‘न्यूज पोर्टल’ निघाली, त्यांचेही तसेच. हे काम करायचे तर हॉटेलात ठेकेदारापाशी बसावे लागते, रात्री उशिरापर्यंत मोटारसायकलवर फिरावे लागते. आमच्याकडे शिकून तयार झालेल्या एका मुलीला एका पोर्टलवाल्याने सांगितले, “बातमी चांगली लिहितेस, पण महिन्याला जाहिराती किती आणशील ते बोल.” ती परत शिवणकामाला लागली. बायका माध्यमात का दिसत नाहीत, याची कारणे आपण पुरुषी मानसिकतेत शोधतो. ती तिथे आहेतच, पण पगाराच्या या व्यवस्थेतही आहेत. १९९५ पासून दर पाच वर्षांनी जगभरच्या बातम्यांची एका दिवसाची पाहणी केली जाते. बातम्यांत दिसणाऱ्या आणि बोलणाऱ्या माणसांत स्त्रिया १९९५ मध्ये १७ टक्के होत्या, २०२० मध्ये २५ टक्के. पंचवीस वर्षांत आठ टक्के!

शेजारणी काय करतात

उदगीरहून बीदरमार्गे गेले की तेलंगणातले जहीराबाद काही फार दूर नाही. तिथल्या माचनूर गावात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीशी जोडलेल्या दलित शेतकरी बायकांच्या संघमांनी स्वतःचा रेडिओ उभा केला. युनेस्कोच्या मदतीने स्टुडिओ १९९० च्या दशकाच्या अखेरीसच तयार झाला होता, पण परवाना मिळेना. दरम्यान बायका कार्यक्रम मुद्रित करत राहिल्या आणि त्या कॅसेट संघमांच्या बैठकीत वाजवत राहिल्या. शेवटी १५ ऑक्टोबर २००८ ला ‘संघम रेडिओ’ हवेत गेला. जनरल नरसम्मा आणि अल्गोल नरसम्मा या दोघींनी तो सांभाळला. याच बायकांच्या गटाने वरंगल भागात बीटी कापसाचे काय होते आहे, हे काही हंगाम सलग चित्रित केले. नांदेडच्या कापूसवाल्या बायकांनी असे चित्रीकरण का करू नये, हा प्रश्न मी शिबिरात नेहमी विचारते.

उत्तर प्रदेशातील चित्रकूटला २००२ मध्ये ‘खबर लहरिया’ निघाले. ग्रामीण, बहुतांशी दलित बायकांनी बुंदेली बोलीत चालवलेले वर्तमानपत्र. २००९ मध्ये त्याला युनेस्कोचा साक्षरता पुरस्कार मिळाला. पुढे ते कागदावरून मोबाईलच्या पडद्यावर गेले. त्यांच्यावरील माहितीपट २०२२ मध्ये ऑस्करच्या अंतिम यादीत पोचला, तेव्हा त्यांनी जाहीर निवेदन काढून सांगितले की, यातली आमची गोष्ट अपुरी आहे. एवढे धाडस करता येते ते आपले काम आपल्या हातात असते तेव्हाच. आपल्या माण तालुक्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ २००८ पासूनचे, तेही बायकांनी उभे केलेल्या आर्थिक व्यवहाराच्या आधारावर.

फार दूरचे एक उदाहरण देते. ऑस्ट्रेलियातील आदिवासींनी १९८० मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्ज या गावी आपली माध्यम संस्था काढली. १९८८ मध्ये त्यातूनच ‘इम्पार्जा’ ही दूरचित्रवाहिनी सुरू झाली. आज तिथल्या आदिवासी माध्यमांची देशपातळीवरची संघटना आहे. आपल्या भाषेत बोलणे हा हक्क आहे, आणि त्या बोलण्यातून आपल्या माणसांना प्रशिक्षण, नोकरी, बढती मिळणे हाही हक्कच आहे, अशी त्यांची भूमिका आहे. तिथे या क्षेत्राला सरळ ‘उद्योग’ म्हणतात. त्या शब्दाने त्यांची चळवळ बाटली नाही.

कायदा कुठवर आला

९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. प्रत्यक्षात २००२ मध्ये फक्त शिक्षणसंस्थांना रेडिओची परवानगी मिळाली. स्वयंसेवी संस्थांसाठी दार उघडले ते नोव्हेंबर २००६ मध्ये. स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा अजून नाही, आकाशवाणीच्या तेवढ्या पुनःप्रसारित करता येतात. फेब्रुवारी २०२४ च्या सुधारित नियमांनी तासाला ७ ऐवजी १२ मिनिटे जाहिरातींना दिली आणि १० सेकंदांचा सरकारी दर ५२ रुपयांवरून ७४ रुपये केला. शिवाय केंद्राच्या सल्लागार व आशय समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, अशी अट घातली.

ही अट चांगलीच आहे. पण पंचायतीच्या आरक्षणाने आपल्याला काय शिकवले? खुर्चीवर बाई आणि सहीच्या कागदामागे तिचा नवरा. समितीत निम्म्या बाया बसतील, पण यंत्राच्या खोलीची किल्ली कोणाकडे? संकलन कोण करणार, प्रक्षेपक बिघडला तर कोण दुरुस्त करणार, बँकेत सही कोणाची? पगारपत्रकात निम्म्या बायका असाव्यात, असे नियमात कुठे म्हटले आहे?

भाषेचा प्रश्न तर याहून अवघड. कोलामी, गोंडी, गोरमाटी बोलणाऱ्या बाईला मराठीत बोलायला लावून आपण तिची मुलाखत घेतो. तिच्या भाषेत बोलणारी, त्यातून मराठीत आणणारी मुलगी हवी असेल तर ती अनुवादक आहे, आणि अनुवादाला दर असतो. “तुला तर येतंच की, सांग ना जरा” असे म्हणून ते काम फुकट करून घेणे थांबले पाहिजे.

आणखी एक अडचण आमच्या भागातच दिसते. सामुदायिक रेडिओचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत जातो. पण ऐकणारी बाई सहा महिने सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात उसाच्या फडात असते. तिच्यापर्यंत पोचायचे तर फोनवर ऐकता येणारे कार्यक्रम हवेत. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशात स्वतः वापरता येईल असा फोन ५४ टक्के बायकांकडेच आहे. म्हणजे माध्यमाची आखणी करतानाच स्थलांतर आणि फोनची मालकी यांचा विचार करावा लागेल. हा विचार फडावर गेलेली बाईच नीट करू शकते. म्हणूनच ती आखणीच्या टेबलाशी, पगारावर, बसलेली हवी.

पैसा आला की चळवळ जाते?

माझ्या ज्येष्ठ मैत्रिणी म्हणतात, “आम्ही पदरमोड करून अंक काढले, भिंती रंगवल्या, पथनाट्ये केली. पैशाची भाषा आली की कणा जातो.” त्यांच्या त्यागाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण पदरमोड करायला पदरात काही असावे लागते. नोकरी, पेन्शन किंवा मिळवता नवरा पाठीशी असलेली बाई स्वेच्छेने वेळ देते, ते तिचे देणे. रोजंदारीवरची बाई वेळ देते तेव्हा तिच्या घरची संध्याकाळची चूल त्यातून वजा होते. दोघींनाही ‘कार्यकर्ती’ म्हणणे ठीक, पण दोघींचा त्याग सारखा नाही.

जाहिरातींची भीती मात्र मला खरी वाटते. आमच्या भागात जाहिरात देणार कोण? बियाणे आणि कीटकनाशकवाले, कर्ज वाटणाऱ्या कंपन्या, खासगी शिकवण्या. ज्या कर्जाच्या हप्त्याने बाई गांजली आहे, त्याच कर्जाची जाहिरात तिच्याच रेडिओवर लागणार काय? याचे उत्तर फुकट काम करण्यात नाही. कोणती जाहिरात घ्यायची हे बायकांच्या समितीने ठरवावे आणि नाही म्हणता यावे एवढी इतर मिळकत असावी. ग्रामपंचायतीचे जाहीर निवेदन, बचत गटांच्या मालाची जाहिरात, सरकारी आरोग्य-संदेशांचे दर, लग्नाकार्याचे चित्रीकरण, गटांसाठी ध्वनिपुस्तिका, असे लहान लहान उत्पन्न जोडून केंद्र चालू शकते. एका दात्याच्या निधीवर चालणारे माध्यम त्या दात्याच्या तीन वर्षांबरोबर मरते, हे आपण पुरेसे पाहिले आहे.

‘मानधन’ या शब्दापासूनही सावध राहू या. अंगणवाडीताईला १९७५ पासून आणि आशाताईला २००५ पासून याच शब्दात बांधले गेले. आशाला तर ‘स्वयंसेविका’च म्हणतात. अंगणवाडीच्या बायांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. माध्यमातल्या बायांनी तेवढी वर्षे का थांबावे?

म्हणून, मैत्रिणींनो, आपल्या संघटनांपुढे मी काही गोष्टी ठेवते. नव्या प्रकल्पाचा अर्ज लिहिताना गावातल्या बाईच्या कामाची रक्कम ‘प्रवासखर्च’ या रकान्यात न घालता ‘वेतन’ या रकान्यात घाला, निदान शासनाने ठरवलेल्या किमान वेतनाइतकी. जिची मुलाखत किंवा गाणे घ्याल तिचा मोडलेला रोज भरून द्या, तिची परवानगी घ्या, तिचे नाव लिहा आणि झालेला कार्यक्रम तिला आधी ऐकवा. मुलींना फक्त माईकसमोर बोलायला शिकवू नका. संकलन, वायरिंग, दुरुस्ती आणि हिशोब शिकवा. यंत्रे संस्थेच्या नावावर असतील तर किती वर्षांनी ती बायकांच्या गटाच्या नावावर होतील, ते कागदावर ठरवा. आणि सरकारकडे परवाना, निधी मागताना पगारातील स्त्रियांच्या वाट्याची अट आपणच घालायला लावू या.

यातले सगळे एकदम होणार नाही. पण आपल्याच कार्यालयातली गेल्या वर्षीची हिशोबाची वही उघडून पाहणे आजच होण्यासारखे आहे. माध्यमाच्या कामावर झालेल्या खर्चातले किती रुपये गावातल्या बाईच्या हातात पडले, एवढेच पाहायचे. तो आकडा गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचा आणि बाया काय म्हणतात ते या अंकाला लिहून कळवा.